आयएलएस नसलेल्या धावपट्टीवर उपग्रहाच्या आधाराने उतरायला शिकताना

बडोद्याच्या हरणी विमानतळावरून भाड्याने विमाने उडवणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी सहवैमानिक आहे. आमची विमाने दोन इंजिनांची, आठ-नऊ आसनांची टर्बोप्रॉप. प्रवासी म्हणजे बहुधा कारखान्यांचे मालक, संगमरवराचे व्यापारी, कधी सरकारी अधिकारी, तर कधी स्ट्रेचरवरचा रुग्ण. आणि जायचे ते अशा विमानतळांवर, जिथे दिवसाकाठी मोजकीच विमाने येतात. अशा ठिकाणी धावपट्टी चांगली असते, मनोऱ्यात नियंत्रक असतो, अग्निशमनाचा बंब तयार असतो. मात्र ढग खाली आले किंवा धूळ-धुके दाटले, की विमानाला ठरावीक रेषेवरून आणि ठरावीक उतारावरून धावपट्टीच्या तोंडाशी आणून सोडणारी आयएलएस यंत्रणा तिथे पुष्कळदा नसते. कंपनीने एका विमानात ‘गगन’चे, म्हणजे जीपीएसमधली चूक दुरुस्त करून सांगणाऱ्या भारतीय उपग्रह-व्यवस्थेचे, संकेत वाचणारा नवा रिसीव्हर बसवून घेतला आणि आम्हा काही जणांना त्यावर उतरण्याचे, म्हणजे एलपीव्ही अप्रोचचे, प्रशिक्षण दिले (अप्रोच म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येण्याची ठरलेली वाट; एलपीव्हीत तिची दिशा आणि उतार दोन्ही उपग्रहावरून मिळतात). ते शिकताना काय काय करावे लागले आणि त्यातून माझे मत काय बनले, ते इथे मांडत आहे.

आधी जुनी पद्धत सांगायला हवी. आयएलएस नसलेल्या विमानतळावर आम्ही बहुधा व्हीओआर या रेडिओ दीपाच्या आधारे उतरत आलो. दीपाच्या डोक्यावर जायचे, तिथून ठरलेल्या दिशेने बाहेर पडायचे, वळसा घालून परत आत यायचे, आणि अमुक मैलांवर अमुक उंचीच्या खाली जायचे नाही, अशा पायऱ्या उतरत किमान उंची, म्हणजे धावपट्टी दिसल्याशिवाय जिच्या खाली जायचे नाही ती उंची, गाठायची. यात दिशा कळते, उतार कळत नाही. उताराचा हिशेब वैमानिकाने अंतर, वेग आणि अल्टिमीटर (उंचीमापक) यांवरून मनातल्या मनात करायचा, तोही अशा वेळी, की बाहेर काही दिसत नसते आणि आत चाके, फ्लॅप, रेडिओ अशी दहा कामे एकदम चालू असतात. १९ ऑक्टोबर १९८८ च्या सकाळी अहमदाबादला उतरणारे एक प्रवासी बोइंग ७३७ धावपट्टीच्या अलीकडेच झाडांवर आणि विजेच्या मनोऱ्यावर आदळले आणि १३३ जण दगावले; त्याची आठवण आमच्या दांडिया बाजारातल्या जुन्या माणसांना अजून आहे. दृश्यमानता कमी होती, आणि जो अप्रोच चालू होता तो लोकलायझर-डीएमईचा, म्हणजे दिशा देणारा पण उतार न देणारा होता. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. तो खराच आहे. पण कार्यपद्धती पाळणे ज्या अप्रोचमध्ये सर्वांत अवघड असते, तो हाच प्रकार, हेही तितकेच खरे आहे.

आमचे प्रशिक्षक कॅप्टन बडोद्याचेच, मराठी, आणि हवाई दलातून निवृत्त झालेले. वर्गात त्यांनी संगणक बाजूला सारला आणि दोन कागदी चार्ट टेबलावर शेजारी-शेजारी ठेवले: एक अहमदाबादच्या आयएलएसचा, दुसरा उपग्रहावर आधारलेल्या एका आरएनपी अप्रोचचा.

‘‘या दुसऱ्यात काय कमी आहे, सांग बरं.’’

‘‘जमिनीवरची यंत्रणा, सर. लोकलायझर नाही, ग्लाइड पाथ नाही.’’

‘‘आणि जास्त काय आहे?’’

जास्त होत्या त्या चार्टच्या तळाशी किमान उंचीच्या ओळी. आयएलएसच्या चार्टवर मुख्य आकडा एकच असतो. आरएनपीच्या चार्टवर मात्र एलएनएव्ही (फक्त दिशा), एलएनएव्ही-व्हीएनएव्ही (दिशा आणि हवेच्या दाबावरून उतार) आणि एलपीव्ही (दिशा आणि उतार दोन्ही उपग्रहावरून) अशा तीनपर्यंत ओळी असू शकतात. मार्ग तोच, धावपट्टी तीच. पण त्या क्षणी विमानाचा रिसीव्हर कोणत्या दर्जाची सेवा घेतो आहे, त्यावर आपण कोणत्या ओळीपर्यंत खाली जाऊ शकतो हे ठरते. प्रशिक्षणाचा बराचसा भाग पुढे याच ओळींभोवती फिरत राहिला.

आयएलएसमध्ये धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला लोकलायझरच्या अँटेनांची रांग असते आणि चाके टेकतात त्या जागेच्या बाजूला ग्लाइड पाथचा खांब असतो. दोन्हींतून निघणाऱ्या लहरींवर ९० आणि १५० हर्ट्झचे दोन सूर चढवलेले असतात. कोणता सूर जोरात आहे त्यावरून विमान डावीकडे की उजवीकडे, वर की खाली, हे यंत्र ओळखते. ही युक्ती जुनी आणि भरवशाची आहे. पण तिला सपाट केलेली जमीन लागते, अँटेनांसमोर वाहन किंवा विमान उभे राहिलेले चालत नाही, गवत वाढू द्यायचे नसते, आणि खास उपकरणांचे विमान ठरावीक काळाने येऊन तिची हवेतून तपासणी करते. शिवाय एक संच धावपट्टीच्या एकाच टोकाला उपयोगी पडतो. आठवड्यात मोजकी विमाने येणार असतील, तर हा सगळा संसार कोण मांडणार? म्हणून छोट्या विमानतळांच्या वाट्याला उतार कधी आला नाही.

‘गगन’ हा संसार जमिनीवरून उचलून आकाशात नेतो. इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी ७७४ कोटी रुपये खर्चून उभारलेल्या या व्यवस्थेत देशभर १५ संदर्भ केंद्रे आहेत. अहमदाबाद, पोरबंदर आणि नागपूर ही त्यांतली आपल्या बाजूची. प्रत्येक केंद्राची जागा अगदी अचूक मोजलेली असते, त्यामुळे तिथे पोहोचणाऱ्या जीपीएस संकेतात किती चूक आहे हे लगेच कळते. ती माहिती बंगळूरच्या मुख्य केंद्रात एकत्र होते, दुरुस्त्यांचा एक संदेश तयार होतो, आणि तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या जीसॅट-८, जीसॅट-१० आणि जीसॅट-१५ या भूस्थिर उपग्रहांमार्फत विमानापर्यंत येतो. अमेरिकेची अशीच व्यवस्था २००३ पासून चालू आहे आणि तिच्या आधारे तिथे चार हजारांहून अधिक एलपीव्ही अप्रोच प्रसिद्ध झाले आहेत. युरोप, जपान यांच्याही आपापल्या व्यवस्था आहेत. आपल्या ‘गगन’ला वाटचालीतल्या दिशादर्शनासाठी ३० डिसेंबर २०१३ रोजी आणि उतारासह अप्रोचसाठी २१ एप्रिल २०१५ रोजी डीजीसीएची, म्हणजे नागरी हवाई वाहतुकीच्या नियामक संस्थेची, मान्यता मिळाली.

वर्गात एकाने विचारले, की आजकाल मोबाइलचे जीपीएससुद्धा चार-पाच मीटरांपर्यंत बरोबर सांगते, मग एवढा खटाटोप कशाला? कॅप्टनचे उत्तर असे, की मोबाइल चुकला तर आपण एक गल्ली पुढे जातो आणि मागे फिरतो; आम्हाला जागा किती अचूक कळते, यापेक्षा चूक झाली तर ती किती सेकंदांत कळते, याला जास्त किंमत आहे. एखाद्या जीपीएस उपग्रहाचे घड्याळ बिघडले तर ते मूळ व्यवस्थेच्या लक्षात यायला बराच वेळ लागू शकतो, आणि एक मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. ‘गगन’चा संदेश दुरुस्तीबरोबरच प्रत्येक उपग्रहावर किती विश्वास ठेवायचा हेही सांगतो. त्यावरून रिसीव्हर आपल्या स्थानाभोवती संशयाची एक मर्यादा आखत राहतो, आणि ती आडवी ४० मीटर किंवा उभी ५० मीटर ओलांडू लागली, की एलपीव्ही सेवा स्वतःहून काढून घेतो. अभ्यासक्रमातला हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला.

आपल्याकडे ही मर्यादा सांभाळणे विशेष कठीण का आहे, ते कळले तेव्हा बडोद्याकडे पाहण्याची माझी दृष्टी थोडी बदलली. जीपीएसच्या लहरींना सर्वांत मोठा अडथळा आयनांबराचा, म्हणजे आयनोस्फिअरचा. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त दक्षिण भारतातून, तिरुअनंतपुरमच्या जवळून जाते. दिवसा तिथल्या आकाशात विद्युतभारित कण वर उचलले जातात आणि उत्तरेला व दक्षिणेला काही अंतरावर खाली उतरून साचतात. उत्तरेकडचा हा साठा साधारण गुजरात, मध्य प्रदेश आणि बंगाल यांच्या डोक्यावर येतो. म्हणजे बडोदे, अहमदाबाद, भोपाळ, कोलकाता ही शहरे जिथे आयनांबर सर्वांत दाट आणि सर्वांत चंचल असते त्या पट्ट्यात किंवा त्याच्या काठावर आहेत. अमेरिका आणि युरोप यांच्या बहुतेक भागाला हा त्रास नाही, त्यामुळे तिकडचे गणित जसेच्या तसे उचलून इथे चालले नाही. इस्रोला अनेक थरांची माहिती एकत्र करणारे स्वतःचे प्रारूप बांधावे लागले. तरीही मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सूर्य फार सक्रिय असलेल्या वर्षांत, सूर्यास्तानंतर काही तास संकेत लुकलुकतात आणि एलपीव्ही मिळेनासा होऊ शकतो. कॅप्टनने आमच्याकडून वहीत लिहून घेतले, की या महिन्यांत संध्याकाळची फेरी असेल, तर इंधनाचा हिशेब एलएनएव्हीची वरची किमान उंची धरूनच करायचा.

मधली ओळ, म्हणजे एलएनएव्ही-व्हीएनएव्ही, ही आणखी एक गंमत आहे. तिच्यात उतार मिळतो, पण तो हवेच्या दाबावरून काढलेला असतो. बाहेर ४४ अंश तापमान असेल तर तापलेली हवा फुगते, अल्टिमीटर दाखवतो त्यापेक्षा विमान प्रत्यक्षात वर असते, आणि कागदावरचा तीन अंशांचा उतार खरा जवळपास सव्वातीन-साडेतीनच्या मध्ये जातो. मे महिन्यात धावपट्टीच्या बाजूचे पापी (पीएपीआय) दिवे, म्हणजे उतार बरोबर आहे का हे रंगांवरून सांगणारे दिवे, दोन पांढरे-दोन लाल दिसण्याऐवजी तीन पांढरे-एक लाल दिसतात, ते यामुळे. हे निदान सुरक्षित बाजूला तरी आहे. खरा धोका असतो तो अल्टिमीटरवर दाबाचा आकडा चुकीचा लावल्यास. २३ मे २०२२ रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर अशाच अप्रोचमध्ये एका एअरबस ए-३२० ला नियंत्रकाकडून १००१ ऐवजी १०११ हेक्टोपास्कल असा दाब सांगितला गेला. दहा हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे २८० फूट. पडद्यावर सगळे बरोबर दिसत होते, आणि विमान पावसात धावपट्टीच्या दीड किलोमीटर अलीकडे जमिनीपासून सहा फुटांपर्यंत खाली आले. गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढणे, सुरू झालेला होता म्हणून सगळे वाचले. एलपीव्हीचा उतार भूमितीचा असतो, दाबाचा नव्हे. दाबाचा आकडा चुकला तर निर्णयाची, म्हणजे किमान, उंची चुकेल, पण उताराची रेषा जागची हलणार नाही. हे ऐकल्यावर वर्गात थोडा वेळ कोणी काही विचारले नाही.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात सांगते. रिसीव्हर बसवल्याची नोंद विमानाच्या कागदांत हवी, कंपनीच्या कार्यपुस्तिकेत नवे प्रकरण हवे, वैमानिकांच्या प्रशिक्षणाची नोंद हवी, आणि या सगळ्यावर डीजीसीएची मंजुरी हवी. एवढेच लक्षात ठेवण्याजोगे, की एलपीव्हीचा सबंध अंतिम मार्ग एका छोट्या माहितीखंडात साठवलेला असतो: धावपट्टीच्या उंबरठ्याचे अक्षांश-रेखांश, उंची, उताराचा कोन, आणि शेवटी या सगळ्या आकड्यांवरून काढलेला एक तपासणी-अंक. एक आकडा जरी बदलला तरी तो अंक जुळत नाही आणि रिसीव्हर अप्रोच नाकारतो. ही माहिती दर २८ दिवसांनी नवी येते, आणि ती भरल्याची खात्री आता उड्डाणापूर्वीच्या यादीत आली आहे. पूर्वी आयएलएसची देखभाल विमानतळावरचे लोक करत. तिचा काही भाग आता आमच्या खांद्यावर आला आहे.

सिम्युलेटरमध्ये सरळ अप्रोच फार कमी झाले. सर्व काही सुरळीत असेल तर एलपीव्ही उडवणे आयएलएसपेक्षा वेगळे वाटत नाही. विमान रेषेवर आणि उतारावर आहे का हे दाखवणारा पडद्यावरचा तोच हिरवा मणी मधोमध ठेवायचा. म्हणून प्रशिक्षक मागे बसून सेवेचा दर्जा बिघडवत राहायचे. अंतिम उताराच्या बिंदूपूर्वी पडद्यावरचे ‘एलपीव्ही’ जाऊन ‘एलएनएव्ही’ आले, तर पुढे जाता येते, पण निर्णयाची उंची लगेच बदलायची आणि ती दोघांनी मोठ्याने म्हणायची. तेच उतार सुरू झाल्यावर घडले आणि धावपट्टी दिसत नसेल, तर आमच्या नियमानुसार थेट गो-अराउंड. हे वाचायला सोपे आहे. प्रत्यक्षात, अक्षरे बदलतात ती पडद्याच्या वरच्या पट्टीत, छोट्या आकारात, आणि त्याच सेकंदाला नियंत्रक वाऱ्याची माहिती देत असतो. त्यावर आमच्याकडे एक शिस्त ठरली: बिंदूपासून दोन मैलांवर, विमान न उडवणाऱ्या वैमानिकाने पट्टीवर बोट ठेवून दर्जा वाचायचा आणि दुसऱ्याने किमान उंची म्हणून दाखवायची. बोट ठेवणे मला आधी शाळकरी वाटले होते. आता बोटाशिवाय वाचलेले मला पुरेसे वाटत नाही.

प्रत्यक्ष अप्रोचसाठी किशनगढ निवडले, याला कारण होते. अजमेरजवळचा हा विमानतळ ऑक्टोबर २०१७ मध्ये सुरू झाला, आणि २८ एप्रिल २०२२ रोजी एका एटीआर-७२ विमानाने इथेच ‘गगन’च्या आधारे एलपीव्ही अप्रोच करून उतरून दाखवले, आशिया-पॅसिफिक भागातली ती पहिली वेळ होती. आमच्या एका संगमरवर व्यापाऱ्याला तिथे सोडून विमान रिकामे परत आणायचे होते, आणि कॅप्टन डाव्या आसनावर होते. बडोद्याहून तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. पर्यायी विमानतळ जयपूर धरले, कारण तिथे आयएलएस आहे. उपग्रहावर विसंबून निघालो तरी पर्याय जमिनीवरच्या यंत्रणेचा असावा, हा आमच्या पुस्तिकेतला नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

वाळवंटाकडून आलेली धूळ हवेत होती. वरून पाहिले तर खाली जमीन दिसत होती, समोर मात्र नुसता पिवळट पडदा. जुन्या पद्धतीत डोक्यावर जाऊन वळसा घालावा लागला असता. इथे दक्षिणेकडून येता येता सोयीच्या बिंदूवर मार्ग धरला आणि दोन वळणांत धावपट्टीच्या रेषेत आलो, याने काही मिनिटांचे इंधन वाचले. विमान मी उडवत होते; दोन मैल आधी कॅप्टनने पट्टीवर बोट ठेवले, ‘‘एलपीव्ही’’ म्हटले, मी किमान उंची म्हणून दाखवली. मणी वरून खाली सरकत मध्यावर आला, चाके बाहेर, आणि विमान मिनिटाला सुमारे सहाशे फुटांच्या दराने उतरू लागले. डोक्यात कसलाही हिशेब करावा लागत नव्हता. वेग आणि बाहेरची हवा यांकडे पाहायला फुरसत होती. आधी डावीकडे संगमरवराच्या गाळाचा पांढराशुभ्र ढीग उमटला, मग धावपट्टी. पापी दिवे दोन पांढरे, दोन लाल. कॅप्टन एवढेच म्हणाले, ‘‘चल, उतरव.’’

या अप्रोचचा फायदा आकड्यांत असा. जुन्या पद्धतीत किमान उंची जमिनीपासून ६०० फूट असेल, तर तीन अंशांच्या उतारावर त्या क्षणी धावपट्टी सुमारे सव्वातीन किलोमीटर दूर असते. २५० फुटांवर ती सव्वा किलोमीटरच्याही आत येते. म्हणजे दोन किलोमीटर दृश्यमानतेच्या दिवशी पहिल्या पद्धतीत आम्ही परत फिरलो असतो आणि दुसऱ्या पद्धतीत उतरलो असतो. मात्र २५० फूट हे उत्तम परिस्थितीतले. वाटेत टेकडी किंवा मनोरा असला तर आकडा वाढतो. आणि एक गोष्ट फारसे कोणी बोलत नाही. आयएलएसबरोबर धावपट्टीच्या आधी ९०० मीटरपर्यंत अप्रोचच्या दिव्यांची रांगही येते, आणि वैमानिकाला ढगाखालून आधी दिसते ती तीच. उपग्रह उतार देतो, दिवे देत नाही. छोट्या विमानतळावर ही रांग नसेल, तर आवश्यक दृश्यमानतेचा आकडा वर राहतो आणि अर्धा फायदा हातचा जातो. ‘गगन’वर खर्च केलेल्या कोट्यवधींच्या मानाने दिव्यांचा खर्च किरकोळ असावा, तरी त्याची चर्चा क्वचितच ऐकू येते.

दुसरी मर्यादा संकेतांच्या अडवणुकीची. लोकसभेत दिलेल्या उत्तरानुसार नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएसमध्ये ढवळाढवळीच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्या. ‘गगन’ जीपीएसला सुधारतो, त्याची जागा घेत नाही. मूळ संकेत दाबला गेला तर दोन्ही जातात. त्यामुळे व्हीओआर मोडीत काढा, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तिसरी अडचण विमानांची. १ जुलै २०२१ नंतर भारतात नोंदणी होणाऱ्या विमानांत ‘गगन’ची सोय असावी असा नियम झाला, पण त्याआधीची विमाने तशीच उडत आहेत आणि त्यांत रिसीव्हर बसवण्याचा खर्च मालकाला जड वाटतो.

आमच्या मालकांनाही वाटतो आहे. दुसऱ्या विमानात रिसीव्हर बसवावा का, यावर त्यांनी माझ्याकडून टिपण मागवले. आपण ज्या विमानतळांवर वारंवार जातो त्यांपैकी किती ठिकाणी एलपीव्ही अप्रोच आज प्रसिद्ध आहे, त्यांपैकी किती ठिकाणी अप्रोचचे दिवे आहेत, आणि गेल्या पावसाळ्यात व हिवाळ्यात आपण कुठून कुठून न उतरता परतलो, हे तिन्ही तक्ते आधी समोर ठेवावेत, असे मी त्यात लिहिले आहे. पहिले दोन चार्ट पाहून तयार झाले. तिसऱ्यासाठी जुनी लॉगबुके काढली आहेत.